एफआय गाडी इथेनॉल, गॅस नाहीतर बायोडिझेलवर चालवायची असेल तर आधी हे करून बघा

मागच्या महिन्यात औशाकडचे एक मामा गाडी घेऊन आले, २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, आणि डिकीत वीस लिटरचा निळा कॅन. कॅनमध्ये काय आहे विचारलं तर म्हणाले स्पिरिट, ओळखीतल्या एकानं डिस्टिलरीतून आणून दिलंय. "सरकार वीस टक्के मिसळायलंय का नाही, मग आपण घरचं अजून थोडं मिसळलं तर काय बिघडतंय, तू फक्त ते कॉम्प्युटरचं बघून घे." मामांचं म्हणणं ऐकायला बरोबरच वाटतं, ऊस आपल्या शिवारातला, कारखाना आपल्या तालुक्यातला, मग पंपावर पूर्ण पैसे का मोजायचे असं कुणालाही वाटणार. पण त्यांच्या गाडीत कार्बोरेटर नाही, एफआय म्हणजे फ्युएल इंजेक्शन आहे, आणि एफआय गाडीचं इंधन बदलायचं म्हणजे आधी तिच्या कॉम्प्युटरकडं अजून किती जागा शिल्लक आहे ते बघावं लागतं. ते कसं बघायचं तेच सविस्तर लिहितोय, कारण रोज एक-दोघं तरी इथेनॉल, सीएनजी, बायोडिझेल, पाण्यावरचं किट असलं काहीतरी विचारायला येतात आणि प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगताना अर्धं राहून जातं.

आधी एफआय काय करते ते समजून घ्या

कार्बोरेटरच्या काळात जेट बदललं, स्क्रू फिरवला, गाडी चालू. एफआयमध्ये इंजेक्टर (इंधनाचा फवारा सोडणारी नोझल) किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा हे ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, ठरवतो. एक किलो शुद्ध पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला फक्त ९ किलो, कारण इथेनॉलच्या पोटात स्वतःचाच ऑक्सिजन असतो. म्हणजे तेवढ्याच हवेला इथेनॉल जास्त ओतावं लागतं. लिटरच्या हिशोबात ई२० ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) शुद्ध पेट्रोलपेक्षा ७ ते ८ टक्के जास्त आणि ई८५ ला (८५ टक्के इथेनॉल) ४० टक्क्यांच्या वर. आता टाकीत काय ओतलंय हे ईसीयूला दिसत नाही, त्याला दिसतं ते एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरमधून, तिथं जळून उरलेला ऑक्सिजन जास्त दिसला की ईसीयू समजतो इंधन कमी पडायलंय आणि इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडतो. ही जी जास्तीची भर आहे तिला फ्युएल ट्रिम म्हणतात. शॉर्ट ट्रिम म्हणजे आत्ताची, क्षणाक्षणाला हलणारी, आणि लाँग ट्रिम म्हणजे सवय म्हणून ईसीयूनं लक्षात ठेवलेली.

सगळा खेळ ह्या ट्रिमचा आहे. बहुतेक गाड्यांत लाँग ट्रिम अधिक २०-२५ टक्क्यांच्या आसपास गेली की चेक लाईट लागते आणि पी ०१७१ कोड येतो, म्हणजे मिश्रण पातळ, इंधन कमी. तेवढीच जागा आहे, त्याच्या पलीकडं ईसीयूला हात पोचत नाही. आणि एक गोष्ट लोक विसरतात, फुल रेस दिली की बऱ्याच गाड्यांत ईसीयू त्या सेन्सरचं ऐकणं सोडून देतो आणि आधीच भरलेल्या आकड्यांवर चालतो, गार इंजिन स्टार्ट करतानाही तसंच. त्यामुळं गावात सावकाश फिरताना गाडी झक्कास वाटते आणि येडशीचा घाट चढताना, चार माणसं आणि सामान घेऊन, नेमकं तिथं मिश्रण पातळ पडतं, व्हॉल्व्ह तापतात आणि आपल्याला कळत पण नाही.

ट्रिम कशी बघायची

स्टेअरिंगच्या खाली १६ पिनांचा ओबीडी कनेक्टर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडायची जागा, असते, त्यात लागणारा ब्लूटूथवाला ईएलएम ३२७ स्कॅनर हजाराच्या आत-बाहेर मिळतो, मोबाईलवर अॅप टाका, झालं. (बाईकला बऱ्याचदा सहा पिनांचा कनेक्टर असतो, त्याला वेगळी केबल लागते आणि प्रत्येक बाईक सगळे आकडे दाखवेलच असं नाही, तिथं ओळखीच्या मेस्त्रीकडं जाऊन त्याच्या स्कॅनरवर बघणंच बरं.) इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, कूलंट ८० डिग्रीच्या वर, एसी बंद, आणि वही घेऊन तीन वेळा आकडे लिहा. एकदा आयडलला, एकदा २५०० आरपीएमला रेस धरून, आणि एकदा मोकळ्या रोडवर ६०-७० च्या स्पीडला, पण तेव्हा आकडे शेजारच्या माणसाला वाचायला सांगा, गाडी चालवताना मोबाईलमध्ये डोकं घालू नका. शॉर्ट आणि लाँग दोन्हीची बेरीज करायची. बेरीज वजा ५ ते अधिक ५ असेल तर गाडी एकदम निरोगी, अधिक १० पर्यंत चालतंय, त्याच्या वर गेली तर आधी गाडी दुरुस्त करा, इंधनाचं नंतर बघू.

मामांच्या गाडीची बेरीज आयडलला अधिक १२ आली. आता त्यांच्यासमोरच कागदावर हिशोब केला. पंपावरच्या ई२० मध्ये समजा टाकीच्या ४० टक्के स्पिरिट घातलं तर टाकीत एकूण निम्म्याच्या वर इथेनॉल होतंय, त्याला ई२० पेक्षा अजून १३-१४ टक्के इंधन जास्त लागणार, १२ आणि १४ म्हणजे २६, आणि हद्द आहे २५ च्या आसपास. म्हणजे स्पिरिट चांगलं असतं तरी पहिल्याच टाकीत चेक लाईट. मामा कागदाकडं बघत बसले, म्हणाले मग हे बारा आधीच का आलेत, आणि हा प्रश्न खरा कामाचा होता. शोधलं तर थ्रॉटल बॉडीच्या मागची एक बारकी व्हॅक्यूम नळी टोकाला चिरलेली, तिथून चोरून हवा जात होती. आयडलला ट्रिम जास्त आणि रेस दिली की कमी होते, असं दिसलं तर हवेची गळतीच शोधायची. आणि रेस वाढली तशी ट्रिम पण वाढत गेली तर फिल्टर चोक, पंप कमजोर नाहीतर इंजेक्टर घाण. नळी बदलली, इंजेक्टर साफ केले, बेरीज अधिक ४ वर आली. नुसत्या नळीनं अॅव्हरेज सुधारलं, स्पिरिटची गरजच पडली नाही.

कॅनमधलं स्पिरिट का घालायचं नाही

गाडीत घालायचं इथेनॉल निर्जल असतं, ९९.५ टक्क्यांच्या वर. डिस्टिलरीतलं रेक्टिफाइड स्पिरिट ९५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वीस लिटरच्या कॅनमध्ये एक लिटर तर पाणीच, आणि कॅन किती हातातून आला त्याप्रमाणं अजून जास्त. वर हे असं आणणं म्हणजे एक्साइजचा गुन्हा, त्यात ज्यानं दिलं त्याची नोकरी आणि तुमची गाडी दोन्ही जाते.

पाण्यानं काय होतं ते मामांना बाटलीत दाखवलं. पंपावरचं १०० मिली पेट्रोल काचेच्या मेजर सिलेंडरमध्ये घेतलं आणि सिरिंजनं थेंब थेंब पाणी सोडत हलवत गेलो. सुरुवातीचे थेंब विरघळले, पेट्रोल नितळ राहिलं, इथेनॉलनं पाणी पिऊन टाकलं. मग अजून थोडं सोडलं तर सगळं एकदम दुधाळ झालं, आणि दोन मिनिटं ठेवलं तर खाली एक वेगळा थर बसला. तो खालचा थर म्हणजे नुसतं पाणी नसतं, पाणी आणि त्यानं ओढून घेतलेलं इथेनॉल असतं, आणि गाडीचा पंप टाकीच्या तळातूनच खेचतो. एवढं व्हायला १०० मिलीत एक-दोन मिली पाणी पुरतं, आणि थंडीत अजून कमी. आपल्याकडं दिवसा ऊन आणि पहाटे गारठा असला की अर्धी रिकामी टाकी आतून घाम धरते, म्हणून ई२० वरची गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, रिकामी ठेवू नका. पुण्याला शिकायला गेलेल्या पोराची बाईक घरी उभी असते ना, ती अशीच खराब होते.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे ते घरी मोजता येतं. त्याच १०० मिलीच्या सिलेंडरमध्ये आधी १० मिली पाणी घ्या, वर १०० च्या खुणेपर्यंत पेट्रोल, बूच लावून नीट हलवा, मधून मधून बूच सैल करून हवा सोडा, आणि दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जातं आणि खालचा थर वाढतो. ९० मिली ई२० मध्ये १८ मिली इथेनॉल असतं, म्हणजे थर १० वरून २७-२८ पर्यंत यायला पाहिजे. दोन-तीन मिलीचा फरक सोडून द्या, पण ३५ दिसलं तर त्या पंपावर परत टाकी भरू नका. हे सगळं अंगणात करायचं, चूल, बिडी, मोबाईल चार्जिंग सगळ्यापासून लांब, आणि वापरलेलं पेट्रोल परत टाकीत ओतायचं नाही.

जुन्या गाडीला ई२० पचवायचं असेल तर

१ एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्या ई२० चालेल अशा मटेरियलच्या येतात. त्याआधीच्या गाड्यांचं मॅन्युअल बघा, बऱ्याच जणांवर ई१० लिहिलेलं असतं. नीती आयोगाचा २०२१ चा इथेनॉलचा रोडमॅप आहे त्यातच लिहिलंय की ई० साठी बनवलेल्या आणि ई१० ला सेट केलेल्या चारचाकीचं अॅव्हरेज ई२० वर ६-७ टक्के उतरू शकतं, तसल्या दुचाकीचं ३-४ टक्के, आणि ई१० साठी बनवून ई२० ला सेट केलेल्या चारचाकीचं १-२ टक्के. त्यामुळं अॅव्हरेज एक-दीड किलोमीटरनं कमी आलं तर घाबरू नका, इथेनॉलमध्ये लिटरमागं ताकदच पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश कमी असते. पण पाच किलोमीटर उतरलं असेल तर तो दोष इंधनावर ढकलू नका, गाडीत दुसरं काहीतरी आहे.

अॅव्हरेजपेक्षा रबराकडं लक्ष द्या. जुनं रबर इथेनॉलनं फुगतं नाहीतर कडक होऊन चिरतं. फ्युएल पाईप, इंजेक्टरच्या ओ-रिंगा, पंपाचं सील हे एकदा बदलून घ्या, घेताना व्हायटॉनचं (इथेनॉल सोसणारं रबर) मागा, दिसायला साधं रबर आणि व्हायटॉन सारखंच असतं म्हणून विश्वासाच्या दुकानातून घ्या. दुसरं म्हणजे इथेनॉल टाकीतला जुना थर सोडवतं आणि तो कचरा फिल्टरमध्ये येऊन बसतो, म्हणून जुन्या गाडीचा फ्युएल फिल्टर पहिल्या दोन-तीन टाक्यांनंतर बदला. इंजेक्टरच्या ओ-रिंगा बदलल्यावर इग्निशन ऑन करून पंपाला प्रेशर धरू द्या, रेलवर (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणारी नळी) साधारण ३ बार असतं, आणि प्रत्येक जोडावर कोरडा कापूस फिरवून बघा. ओला झाला तर गाडी स्टार्ट करू नका.

ई८५ किंवा शुद्ध इथेनॉल

हे फक्त त्यासाठी बनवलेल्या गाडीत. टीव्हीएसनं २०१९ ला अपाचे आरटीआर २०० ची ई१०० गाडी काढली होती, होंडाची सीबी३००एफ फ्लेक्स फ्युएल (पेट्रोल आणि इथेनॉल कुठल्याही मिश्रणावर चालणारी) २०२४ ला आली, ती ई८५ पर्यंत चालते, आणि टोयोटानं इनोव्हा हायक्रॉसचा फ्लेक्स फ्युएल प्रोटोटाइप २०२३ ला दाखवला. अशा गाड्यांत इंजेक्टर मोठे, पंप मोठा, आतले पार्ट वेगळे आणि ईसीयूत दोन्ही टोकांचे आकडे भरलेले असतात.

साध्या गाडीच्या इंजेक्टरला, तो जास्त वेळ उघडा ठेवणारी इलेक्ट्रॉनिक डबी जोडून ई८५ वर चालवायचे व्हिडिओ लई फिरायलेत, म्हणून त्याचा एक हिशोब देतो. ६००० आरपीएमला इंजिनचे दोन फेरे २० मिलिसेकंदात होतात आणि तेवढ्यातच इंजेक्टरला आपलं काम उरकायचं असतं. समजा ई२० वर तो १३ मिलिसेकंद उघडा राहतो, म्हणजे ६५ टक्के. ई८५ ला एक तृतीयांश जास्त लागणार, म्हणजे १७ च्या वर, ८६ टक्के. ८०-८५ च्या पुढं इंजेक्टर नीट बंदच होत नाही, तापतो, आणि इंधन तरीही कमीच पडतं. डबीनं वेळ वाढवता येतो, भोक मोठं करता येत नाही. वर परभणीचा गारठा आठवा, डिसेंबरात पारा कधी कधी ५-६ डिग्रीवर जातो, तेवढ्या थंडीत इथेनॉलची वाफच धरत नाही आणि गाडी स्टार्ट होत नाही. ब्राझीलमध्ये जुन्या फ्लेक्स गाड्यांना नुसत्या गार स्टार्टसाठी पेट्रोलची वेगळी छोटी टाकी असायची ती ह्याचसाठी.

माझं मन ह्या बाबतीत दोन्हीकडं ओढतं हे पण लिहितो. इथेनॉलनं शेतकऱ्याला पैसा मिळतो आणि मका आता ह्यात मोठ्या प्रमाणात जायलाय हे चांगलंच आहे, पण २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलेलं आपण डोळ्यांनी पाहिलंय, तेव्हा घागर घेऊन रांगेत आम्ही पण उभे होतो. उसाच्या इथेनॉलच्या प्रत्येक लिटरमागं किती पाणी जातं हा विचार गाडीवाल्यानं पण करावा असं मला वाटतं.

सीएनजी, रोज पळणाऱ्या गाडीला सगळ्यात खरा पर्याय

रोजचं ५०-६० किलोमीटरच्या वर रनिंग असेल तरच किटकडं वळा. मामांसारखं रोज २० किलोमीटर असेल तर किटचे पैसे निघायला वर्षानुवर्षं जातील, डिकी जाईल ती वेगळीच. स्वतःचा हिशोब असा करा: महिन्याचे किलोमीटर भागिले पेट्रोलचं अॅव्हरेज गुणिले पेट्रोलचा भाव, तसाच सीएनजीचा किलोवर, दोन्हीतला फरक काढा आणि किटच्या किमतीला त्यानं भागा. तीन वर्षांच्या आत पैसे निघत नसतील तर सोडून द्या.

आधी कागद. बीएस६ गाडीला बाहेरून सीएनजी-एलपीजी किट लावायची सोय २०२२ ला झाली, पण तुमच्या मॉडेलसाठी आणि तुमच्या इंजिनसाठी टाइप अप्रूव्हल (तपासून दिलेली सरकारी मंजुरी) असलेलंच किट लागतं. दुकानदाराकडं त्या सर्टिफिकेटची झेरॉक्स मागा, सिलेंडरवर पेसोची (स्फोटक आणि गॅस सिलेंडरवर लक्ष ठेवणारं केंद्र सरकारचं खातं) मान्यता आणि टेस्टची तारीख कोरलेली असते ती टॉर्च लावून स्वतः वाचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं हा गाडीतला बदल धरला जातो, आरटीओत नोंद होऊन आरसीवर पेट्रोल-सीएनजी आलं पाहिजे आणि इन्शुरन्सवाल्याला कळवलं पाहिजे. "साहेब, कागदाचं नंतर बघू" म्हणणाऱ्या दुकानातून उठून या. अपघात झाला तर तेव्हा कुणी ओळख देत नाही.

टर्बो पेट्रोल डायरेक्ट इंजेक्शन गाडी असेल तर साधं किट लावूच नका. तिचा इंजेक्टर थेट सिलेंडरच्या आत असतो, पेट्रोलच त्याला गार ठेवतं, गॅसवर तो नुसता भाजून निघतो.

आता बसवणं. साध्या एमपीएफआय गाडीला, म्हणजे जिचे इंजेक्टर सिलेंडरच्या बाहेर असतात तिला, सिक्वेन्शियल किटच घ्या, प्रत्येक सिलेंडरला वेगळा गॅस इंजेक्टर असलेलं. बसवायच्या आधी पेट्रोलवर ट्रिम बघून घ्या, वर सांगितलं तसं, कारण गॅसचा ईसीयू पेट्रोलच्या इंजेक्शन टायमिंगवरूनच स्वतःचं काढतो, पेट्रोलचंच चुकलेलं असेल तर गॅसचं बरोबर येणार कसं. कम्प्रेशन, प्लग, कॉइल बघा. गॅसला ठिणगी जास्त जोराची लागते, म्हणून प्लगचा गॅप एखाद्या दशांश मिलिमीटरनं कमी ठेवायचा, आणि कमजोर कॉइल पेट्रोलवर चालून जाते पण गॅसवर मिसिंग द्यायला लागते.

मॅनिफोल्डला (हवा इंजिनात नेणारा भाग) गॅसच्या नोझलसाठी भोकं पाडताना समोर उभे राहा, हे एवढं कष्टाचं काम लोक घाईत उरकतात. मॅनिफोल्ड खोलून बाहेर काढूनच भोक पाडायला लावा. ते जमत नसेल तर ड्रिलच्या टोकाला ग्रीस भरपूर लावायला सांगा म्हणजे किस त्यात चिकटतो, आत पडला तर थेट इंजिनात. भोकं इंजेक्टरच्या जितकी जवळ तितकी चांगली, सगळ्यांची अंतरं सारखी, आणि गॅस रेलपासून नोझलपर्यंतचे पाईप आखूड आणि एकाच लांबीचे. एक वीतभर आणि दुसरा हातभर असेल तर गाडी आयडलला थरथरत राहणार, मग कितीही ट्यूनिंग करा. रिड्यूसर २०० बारचा गॅस एक-दोन बारवर आणतो, तेव्हा तो बर्फासारखा गार पडतो, म्हणून त्याला इंजिनचं गरम कूलंट जोडतात. हा रिड्यूसर रेडिएटरच्या वरच्या पातळीपेक्षा खाली बसला पाहिजे, नाहीतर त्यात हवा अडकते आणि थंडीत गॅसवर गाडी बंद पडते.

गळती बघायला साबणाचा फेस. वाटीत शाम्पू आणि पाणी, ब्रश घेऊन सिलेंडरच्या व्हॉल्व्हपासून फिलिंग पॉइंटपर्यंत प्रत्येक जोड. बुडबुडा आला की थांबायचं, व्हॉल्व्ह बंद करायचा, मग जोड घट्ट करायचा. काडी नाहीतर लायटर लावून बघणारा फिटर दिसला तर गाडी तिथून हलवा.

ट्यूनिंगला घाई करू देऊ नका. गाडी गरम करून आयडलला ऑटो कॅलिब्रेशन होतं, आणि बरेच जण तिथंच थांबतात. खरं काम रस्त्यावर आहे. लॅपटॉप घेऊन आधी पेट्रोलवर दहा-पंधरा किलोमीटर चालवायची, सगळ्या गिअरमध्ये, चढावर सुद्धा, मग तोच रस्ता गॅसवर. स्क्रीनवर पेट्रोलची आणि गॅसची अशा दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या पाहिजेत. नंतर तुमचा ओबीडी स्कॅनर लावून गॅसवरच्या ट्रिमची बेरीज बघा, पेट्रोलवर अधिक ४ असेल तर गॅसवर पण त्याच्या तीन-चार टक्के इकडंतिकडं यायला पाहिजे. अधिक १५ दिसली तर पैसे द्यायच्या आधी परत बसायला लावा. पिकअप दहाएक टक्के कमी वाटणारच, गॅस हवेची जागा खातो, ते ट्यूनिंगनं जात नाही.

वापरताना पेट्रोलची टाकी कधी कोरडी पाडू नका, पंप टाकीतल्या पेट्रोलनंच गार राहतो, पाव टाकी कायम असू द्या आणि रोज पाच-सात किलोमीटर पेट्रोलवर चालवा. गॅस कोरडा जळतो, त्यामुळं एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट हळूहळू खाल्ली जाते आणि टॅपेटचा गॅप कमी होत जातो. सकाळी गार गाडीत एक सिलेंडर मिसिंग आणि गरम झाल्यावर ठीक, असं व्हायला लागलं की आधी टॅपेट चेक करा, नाहीतर हेडचं काम निघतं. आपल्याकडं बऱ्याच पंपांवर गॅस ट्रकमधून भरून आणला जातो, गर्दी झाली की प्रेशर उतरतं आणि सिलेंडर पूर्ण भरत नाही, ती किटची चूक समजू नका.

एलपीजीचं थोडक्यात. प्रेशर कमी, सिलेंडर हलका, पण ऑटो एलपीजीचे पंप आपल्याकडं मोजकेच. टाकी ८० टक्केच भरायची असते. आणि हा गॅस हवेपेक्षा जड, सीएनजीसारखा वर उडून जात नाही, खाली साचतो, म्हणून खड्ड्यात गाडी उभी करून काम करू नये. घरगुती सिलेंडरमधून गाडीत गॅस भरणं गुन्हा तर आहेच, पण त्या रबरी नळीच्या शेजारी पोरं खेळत असतात हे बघून मला झोप येत नाही.

डिझेलवाल्यांसाठी

जुन्या पाणी उपसायच्या सिंगल सिलेंडर इंजिनात करंजाचं तेल मिसळून चालवलेलं मी लहानपणी बघितलंय, त्याच्या नोझलचं प्रेशर २०० बारच्या आसपास, तो पंप सगळं ढकलायचा. आजच्या कॉमन रेल गाडीत प्रेशर १६०० ते २००० बार, आणि इंजेक्टरच्या आतली फट दोन-चार मायक्रॉन. गोडं तेल असो नाहीतर करंजाचं, ते डिझेलपेक्षा दहा पट घट्ट असतं, त्या फटीत ते चालत नाही. बायोडिझेल म्हणजे तेल नव्हे, तेलावर मेथेनॉल आणि कॉस्टिकची प्रक्रिया करून ग्लिसरीन काढून टाकल्यावर जे राहतं ते, त्याला आयएस १५६०७ हे मानक आहे. घरी करायच्या नादी लागू नका, मेथेनॉलच्या वाफेनं आणि पोटात गेल्यानं डोळे जातात, जीव जातो.

अहमदपूरच्या बाजूची एक पिकअप आली होती, हैदराबादला भाजी नेणारी. रस्त्याकडंच्या एका टाकीवरून "बायोडिझेल" म्हणून स्वस्तात भरलेलं. फिल्टर खोलला तर आत लोण्यासारखा गाळ, रेलमध्ये पंपाचा चमकणारा कीस. चारही इंजेक्टर आणि पंप गेला, दीड महिना गाडी उभी आणि त्या पोराचा हप्ता चालू. असल्या टाक्यांवर बऱ्याचदा बायोडिझेलच्या नावाखाली कारखान्याचं तेल विकलं जातं. पावतीवर मानक लिहून देत नसेल तर भरू नका, आणि मॅन्युअलमध्ये जेवढे टक्के लिहिलेत त्याच्या पुढं जाऊ नका. बीएस६ डिझेलला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ करायला जास्तीचं इंधन सोडलं जातं, बायोडिझेल असेल तर ते नीट उडून न जाता इंजिन ऑइलमध्ये उतरतं. म्हणून आठवड्याला डिपस्टिक बघा, ऑइलची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसली तर ऑइल लगेच बदला.

पाण्यावरच्या किटबद्दल एवढंच, पाण्यातून गॅस काढायला अल्टरनेटरची वीज लागते, ती इंजिनच बनवतं, आणि जेवढं देतो त्यापेक्षा कमीच परत मिळतं. पैसे वाचवा.

किट बसवल्यावर १००० किलोमीटरला परत या

ह्या वेळी पाईपचे क्लिप परत घट्ट करायचे, गॅस फिल्टर बघायचा, फेस परत लावायचा आणि ट्रिम वहीतल्या जुन्या आकड्यांशी ताडून बघायची. सिलेंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याचं प्रेशर देऊन तपासणी) दर तीन वर्षांनी करावी लागते, ती तारीख बॉनेटच्या आतल्या बाजूला पेंटनं लिहून ठेवा, आरसी बदलून मालक बदलला तरी पुढच्याला दिसेल. टेस्टला सिलेंडर उतरवून पाठवायला लागतो आणि गाडी काही दिवस नुसत्या पेट्रोलवर असते, तेव्हा त्या दिवशी निघताना टाकीत पेट्रोल पुरेसं भरून निघा.